संगणकाचें सामाईक कोठार

संगणकाचा प्रोसेसर क्षणार्धांत बेरीज करतो. परंतु ज्या संख्यांची बेरीज करावयाची, त्या मुख्य स्मृतींतून येईपर्यंत त्याला तिष्ठत बसावें लागतें. हें तिष्ठणें टाळण्यासाठीं प्रोसेसरच्या अगदीं जवळ एक लहान पण शीघ्र स्मृति ठेवावी व वारंवार लागणारी माहिती तींत आणून ठेवावी, ही कल्पना केंब्रिज विद्यापीठांतील मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालीं एका छोट्या निबंधांत मांडली. तिला त्यांनीं दास-स्मृति म्हटलें होतें. १९६८ सालीं आयबीएम कंपनीनें जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० मालिकेंतील ८५ क्रमांकाच्या यंत्रांत ती अवतरली, आणि त्याच सुमारास तिला ‘कॅश’ हें नांव मिळालें. रोख रकमेशीं ह्या शब्दाचा संबंध नाहीं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चीजवस्तु दडवून ठेवण्याची जागा असा आहे. धान्याचें कोठार मागल्या दारीं असलें, तरी रोजचे तांदूळ चुलीजवळच्या डब्यांत असतात. कॅशचें काम त्या डब्याचें.

एक चूल व एक डबा होता, तोंवर तंटा नव्हता. पुढें एकाच यंत्रांत अनेक प्रोसेसर आले व प्रत्येकाचा डबा निराळा झाला. धान्य वांटलें तर तें विभागलें जातें. माहितीची मात्र नक्कल होते. एका खात्यांत १०० रुपये आहेत, अशी नोंद दोघांच्याही कॅशमध्यें आहे. एकानें आपल्या नोंदींतून ४० वजा केले. दुसऱ्याच्या नकलेंत १०० च राहिले. आतां खरें कोणतें?

ह्या प्रश्नाचीं दोन प्रमुख उत्तरें निघालीं. कोणती नक्कल कोणापाशीं आहे ह्याची मध्यवर्ती नोंदवही ठेवावी, असें सेन्सिए व फोत्रिए यांनीं १९७८ सालीं सुचविलें. सर्वांच्या सामाईक मार्गावरून जाणारे निरोप प्रत्येक कॅशनें कान देऊन ऐकावेत, ही रीत विस्कॉन्सिन विद्यापीठांतील जेम्स गुडमन यांनीं १९८३ सालीं मांडली. पुढल्याच वर्षीं इलिनॉय विद्यापीठांतील मार्क पापामार्कोस व जनक पटेल यांनीं प्रत्येक नोंदीच्या चार अवस्था ठरविल्या: बदललेली, एकट्याची, सामाईक आणि रद्द. सामाईक नोंद बदलावयाची झाल्यास इतरांच्या नकला आधीं रद्द झाल्या पाहिजेत, हें त्यांतील मुख्य सूत्र होय.

२००१ सालीं आयबीएमच्या पॉवर-४ ह्या चिपवर दोन कोअर, म्हणजे दोन पूर्ण प्रोसेसर, एकत्र नांदूं लागले. प्रत्येकाची पहिली, लहान कॅश स्वतःची होती. परंतु सुमारें दीड मेगाबाइटची दुसरी कॅश दोघांत सामाईक होती. इंटेलच्या २००५ सालच्या पेन्टियम डी मध्यें मात्र दोन्ही कोअर शेजारीं असून कॅश विभक्त होत्या. एकाला दुसऱ्याकडील ताजी नोंद हवी असली, तर निरोप चिपबाहेरील मार्गानें जाई. शेजारच्या खोलींतील भावाला टपालानें पत्र धाडावें, तसला हा प्रकार! जानेवारी २००६ मध्यें आलेल्या कोअर ड्युओमध्यें २ मेगाबाइटची दुसरी कॅश दोघांत एकच झाली. एक कोअर स्वस्थ असला, तर दुसऱ्यास सर्व जागा मिळे. आणि दोघांना लागणारी माहिती तींत एकदांच सांठवावी लागे.

परंतु खाणारीं तोंडें वाढलीं कीं कोठारापाशीं गर्दी होते. शिवाय कोठार जितकें मोठें, तितकी तेथून वस्तु काढण्यास वेळ अधिक. म्हणून २००८ सालच्या चार कोअरांच्या कोअर आय-७ मध्यें तडजोड झाली. प्रत्येक कोअरला २५६ किलोबाइटची दुसरी कॅश स्वतःची, आणि चौघांत मिळून ८ मेगाबाइटची तिसरी. कोणत्याही कोअरच्या खासगी कॅशमधील नोंदीची प्रत ह्या तिसरीमध्यें असेच. त्यामुळें तेथें न सांपडलेली नोंद इतर कोणाही कोअरपाशीं शोधण्याचें कारण उरत नसे.

एकत्र राहण्याची किंमत मात्र चुकली नाहीं. एखादा अधाशी प्रोग्रॅम शेजाऱ्यांची माहिती बाहेर ढकलून सारी जागा व्यापूं शके. त्याहून गंभीर गोष्ट २०१४ सालीं ॲडिलेड विद्यापीठांतील युवाल यारोम व कॅट्रिना फॉकनर यांनीं दाखविली. हेर प्रोग्रॅमनें दोघांच्या वापरांतील एक नोंद सामाईक कॅशमधून काढून टाकावी, थोडें थांबावें, आणि ती पुन्हां मागून वेळ मोजावा. ती झटकन् आली, तर मध्यंतरीं शेजाऱ्यानें ती वापरली, हें उघड. अशा खुणा जुळवून त्यांनीं दुसऱ्या कोअरवर चाललेल्या प्रोग्रॅमची गुप्त किल्ली हस्तगत केली. जानेवारी २०१८ मध्यें जाहीर झालेल्या स्पेक्टर व मेल्टडाउन ह्या दोषांतही गुपित फुटलें, तें कॅशमध्यें मागें राहिलेल्या खुणांवरूनच.

कॅश विभक्त ठेवाव्या, तर नकला जुळवीत बसावें लागतें. एकत्र ठेवाव्या, तर शेजाऱ्याच्या हालचाली कळतात. सर्व्हरसाठीं बनविलेल्या कांहीं प्रोसेसरांत आतां सामाईक कॅशचे वांटे आंखून देण्याची सोय आहे. कोठार एकच राहिलें आहे. फक्त त्याच्या आंत कोणाची कणगी कोणती, हें पुन्हां ठरूं लागलें आहे.