स्वस्त कापड आणि मोलाची गोधडी

सुई, कात्री आणि गज ही आपल्या शिंपी समाजाची तीन आयुधे होत. या तिहींच्या सोबतीने एक चौथी वस्तूही आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या नांदत आली. परंतु ज्ञातीच्या इतिहासात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. ती वस्तू म्हणजे चिंधी. गिऱ्हाइकाचा सदरा वा बंडी बेतून उरलेली कातरण दुकानातून घरात येई आणि घरातील आई, काकी, आत्या ती जुनेरावर मांडून, धावदोरा घालून तिची गोधडी करीत. पुरुषांच्या शिलाईची मजुरी वहीत मांडली गेली. स्त्रियांच्या या शिवणाचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत मांडला गेला नाही. तो थोडाबहुत मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधण्यास एक प्रासंगिक कारणही घडले. ज्ञातीतील भगिनींमध्ये अलीकडे एक वाद वरचेवर ऐकू येतो. शहरोशहरी शाखा असलेल्या मोठमोठ्या दुकानांतून स्वस्त, नवे, छापील कापड मिळते. ते आणून त्याची गोधडी शिवावी काय? वडीलधाऱ्या म्हणतात की, गोधडी ही जुनेराचीच. नवे कापड फाडून शिवणे हा उधळेपणा होय, आणि तेही हलके कापड घेणे म्हणजे टाके वाया घालविणे होय. तरुण सुना म्हणतात की, आता घरात सुती लुगडी उरली कोठे? दोन्ही पक्षांत तथ्य आहे. अशा वेळी इतिहास काय सांगतो ते पाहणे हितावह ठरते. कारण हा प्रश्न काही आजचा नव्हे, आणि केवळ आपल्याच देशाचाही नव्हे.

आपल्या मुलींचे परकर ज्या चिटाचे होत असत, त्या चिटानेच ही कथा सुरू होते. इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्या ‘छींट’ या शब्दापासून झाला. ‘कॅलिको’ हा शब्द कालिकतवरून, आणि जाड्याभरड्या कापडाचा ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० साली झाली आणि सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्याचे व गुजरातचे रंगीत सुती कापड जहाजे भरभरून विलायतेस जाऊ लागले. ते धुतले तरी रंग सोडीत नसे, हे तेथील लोकांस मोठे नवल वाटे. इंग्लंडमध्ये आज शिल्लक असलेल्या ठिगळकामाच्या पांघरुणांत सर्वांत जुने म्हणून जे दाखविले जाते, ते लेव्हन्स हॉल येथील पांघरूण सुमारे १७०८ सालचे समजले जाते, आणि ते हिंदी चिटांच्या तुकड्यांचेच आहे. म्हणजे विलायतेच्या गोधडीचा पहिला तुकडा आपल्याकडील रंगाऱ्याच्या हातचा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ही आवड तेथील विणकरांच्या पोटावर आली. म्हणून पार्लमेंटने १७०० साली कायदा करून पूर्वेकडील छापील कापडाच्या आयातीस आळा घातला, आणि १७२१ साली असे कापड अंगावर घालण्यास व घरात वापरण्यासही बंदी केली. फ्रान्समध्ये अशीच बंदी १६८६ पासून १७५९ पर्यंत होती. विलायतेतील बंदी १७७४ साली उठली, ती तेथील यंत्रे सुती कापड काढू लागल्यानंतर! पुढे १७८३ साली थॉमस बेल याने रुळाने कापड छापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लाकडी ठशाने एकेक हात छापावयाचे काम रूळ झपाट्याने करू लागला आणि छापील कापड गरिबाच्या आवाक्यात आले. मात्र या स्वस्ताईचे दुसरे अंग विसरता कामा नये. एली व्हिटनी याने १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र तयार केल्यावर अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे मळे वाढले, आणि त्या मळ्यांत राबणारे हात गुलामांचे होते. कापड दुकानात स्वस्त दिसते, तेव्हा त्याची उरलेली किंमत कोणी तरी अन्यत्र भरलेली असते.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचे छापील सुती कापड घरोघर पोहोचले आणि तुकडे जोडून शिवलेली पांघरुणे सामान्य शेतकऱ्याच्या घरीही होऊ लागली. नंतर तेथे एक नवा व्यापार निघाला. फ्रँक वुलवर्थ याने १८७९ साली पाच सेंटांत कोणतीही वस्तू देणारे दुकान काढले. पहिले दुकान बसले; त्याच वर्षी लँकेस्टर गावी काढलेले दुसरे चालले, आणि त्याच्या शाखा देशभर पसरल्या. १९०२ साली जेम्स कॅश पेनी याने वायोमिंगमधील केमरर या खाणकामगारांच्या गावी कापडचोपडाचे दुकान काढले, आणि पुढे काही दशकांतच त्याचीही शेकडो दुकाने झाली. एकाच मालकाच्या या साखळी-दुकानांचे रहस्य साधे होते. शेकडो दुकानांचा माल एकदम खरेदी करावयाचा, नफा थोडा ठेवावयाचा, आणि उधारीऐवजी रोखीने विकावयाचा. सिअर्स या मोठ्या पेढीने तर छापील यादीवरून टपालाने कापड पाठविण्याचा परिपाठ ठेवला होता; १९२५ पासून तिचीही दुकाने निघाली.

१९२९ नंतर अमेरिकेवर मंदीचे संकट कोसळले, तेव्हा हे स्वस्त कापड घेण्याचीही अनेकांस ऐपत उरली नाही. त्या काळी पीठ व कोंबड्यांचे खाद्य सुती पोत्यांतून येई. ती पोती बायका उसवून, धुऊन वापरतात हे पाहून व्यापाऱ्यांनी पोत्यांवर फुले व चौकडी छापण्यास आरंभ केला. एकसारख्या नक्षीची पुरेशी पोती मिळावीत म्हणून नवऱ्यास कोणते पोते आणावयाचे ते बजावून पाठवीत. त्या पोत्यांची पांघरुणे आज संग्रहालयांत जपून ठेवली आहेत.

याच मंदीत, १९३३ साली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त सिअर्स पेढीने पांघरुणांची स्पर्धा जाहीर केली. मुख्य पारितोषिक एक हजार डॉलरचे होते. सुमारे चोवीस-पंचवीस हजार पांघरुणे आली. पहिले पारितोषिक केंटकी राज्यातील एका बाईस मिळाले. पांघरूण स्पर्धकाने स्वतः केलेले असावे, असा नियम होता. परंतु ते प्रत्यक्षात मजुरीने शिवून घेतलेले होते, आणि शिवणाऱ्या स्त्रियांस पारितोषिकातील वाटा मिळाला नाही, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. ते टाके इतके सूक्ष्म होते की, परीक्षक थक्क झाले; पण ते टाके घालणारे हात कोणाचे, हे कोणी विचारले नाही. ज्ञातिबंधूंनो, आपल्या व्यवसायातील पुष्कळ जुन्या दुःखांची येथे आठवण होते.

याउलट दुसरे उदाहरण पाहा. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांचे हे वंशज अत्यंत दारिद्र्यात राहत. कामाच्या जुन्या विजारी, सदरे, पोती यांचीच त्यांची पांघरुणे होत. मतदानाचा हक्क मागितल्याबद्दल त्या भागातील कित्येकांच्या नोकऱ्या व घरेही गेली. अशा वेळी, १९६६ साली, या स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था उभी केली. १९७२ साली या संस्थेस सिअर्सकडून कॉर्डरॉय, म्हणजे उभ्या कंगोऱ्यांचे जाड सुती कापड, यांचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. दुकानाचा माल ठराविक मापाचा व एकाच धर्तीचा असावा लागे. त्यात शिवणारणीच्या कल्पनेस वाव नव्हता. परंतु कापून उरलेली कातरण त्यांनी घरी नेली आणि तिची आपल्या मनाजोगी पांघरुणे शिवली. २००२ साली जीज बेंडच्या पांघरुणांचे प्रदर्शन ह्यूस्टनच्या संग्रहालयात भरले, पुढे ते न्यूयॉर्कला गेले, आणि २००६ साली अमेरिकेच्या सरकारने त्यांची चित्रे टपालाच्या तिकिटांवर छापली. साखळी-दुकानासाठी आणलेल्या कापडाच्या कातरणीसही असा मान मिळाला!

आता आपल्या घराकडे वळू. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली, आणि पुढे गिरण्यांचे कापड महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले. त्या टंचाईत चिंधीचेही मोल वाढले, असे आमचे वडील सांगत. याच महाराष्ट्रात गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांची गोधडी वागवीत गावोगाव झाडलोट व कीर्तन करीत हिंडले. लोक त्यांस ‘गोधडेबुवा’ म्हणत. चिंधीची लाज बाळगणाऱ्यांनी ते स्मरावे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर अनेक गिरण्यांची भोंगे कायमचे थांबले. यंत्रमागाचे व कृत्रिम धाग्याचे कापड वाढले. तयार कपड्यांनी आपली गिऱ्हाइके नेली. दुकान मिटले, तशी घरात येणारी कातरणही संपली. सुती जुनेर आज दुर्मीळ झाले आहे, ते या कारणाने.

तेव्हा स्वस्त नव्या कापडास नाक मुरडण्याचे कारण नाही. आजवरची पुष्कळ गोधडी जगभर स्वस्त कापडाचीच झाली आहे. मात्र कापड पारखून घ्यावे. ही विद्या तर आपल्या रक्तातच आहे. तागा उलगडून कापड उजेडासमोर धरावे. वीण विरळ असल्यास उजेड जाळीसारखा दिसतो. बोटांनी चोळून पाहावे. पांढरी पूड झडली तर अंगापेक्षा खळच अधिक आहे असे समजावे. काठाचा एक धागा जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, कृत्रिम धाग्याची कडक गोळी होते. आणि बेतण्यापूर्वी कापड अवश्य भिजवून वाळवावे. म्हणजे आटावयाचे ते आधीच आटते व फुटणारा रंग आधीच कळतो. आत जुनेराचे एक-दोन थर घातल्यास वडीलधाऱ्यांचेही समाधान होईल, आणि आजीच्या लुगड्याची ऊब नातवास मिळेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आमच्या परिचयातील काही भगिनी व्यापाऱ्यांस गोधड्या शिवून देतात. एक मोठी गोधडी हातशिलाईने पुरी होण्यास कित्येक दिवस लागतात. परंतु हाती पडणारी मजुरी पाहिली असता मन विषण्ण होते. आमच्या मते स्वस्त कापड वापरणे हा दोष नव्हे. शिवणारणीचा हात स्वस्त धरणे हा दोष होय. शिकागोची स्पर्धा आणि जीज बेंडची सहकारी संस्था या दोहोंतील अंतर हेच आहे. म्हणून आमची अशी नम्र सूचना आहे की, आपल्या संस्थेच्या महिला शाखेने कापड एकत्रित खरेदी करावे. साखळी-दुकानांस जे साधते ते आपणांसही साधेल. प्रत्येक गोधडीच्या दिवसांची नोंद ठेवावी, दर त्या नोंदीवरून ठरवावा, आणि गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव टाक्यांनी घालावे.

संत नामदेवांचे नाव सांगणाऱ्या ज्ञातीने तुकड्यास तुकडा जोडणे हे हलके काम कधीच मानले नाही. जी वही आजवर मांडली गेली नाही, ती आता तरी आपल्या लेकीसुनांच्या नावे उघडावी, एवढी विनंती करून ही लेखणी आवरती घेतो.