पन्हळीचा राक्षस : गार्गॉइलची दंतकथा आणि इतिहास

१/ पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या उंच सज्ज्यावर, हातांवर हनुवटी टेकून आणि जीभ बाहेर काढून शहराकडे पाहणारा एक शिंगधारी राक्षस आहे. बहुतेकजण त्याला मध्ययुगीन गार्गॉइल समजतात. प्रत्यक्षात तो मध्ययुगीनही नाही आणि गार्गॉइलही नाही.

२/ गार्गॉइल म्हणजे छपरावरील पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारी दगडी पन्हळ. पाणी भिंतीवरून ओघळत राहिले, तर सांध्यांतील चुना झिजतो. म्हणूनच ती लांब मान, पाठीवरील खाच आणि उघडे तोंड. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच घसा. आपल्या मंदिरांतील अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारे गोमुख आठवावे.

३/ दंतकथा रूआँ नगरीची आहे. सातव्या शतकात बिशप रोमेन यांनी सीन नदीकाठच्या ‘गार्गुय’ नामक अजस्र सर्पाला वश केले. सोबतीस आला तो केवळ देहदंड झालेला एक कैदी. सर्पाला जाळले, पण आग ओकण्यास सरावलेले त्याचे डोके व मान जळेना. अखेर ते भिंतीवर लावले गेले.

४/ रोमेन यांच्या आरंभीच्या चरित्रांत मात्र हा सर्प नाही. तो नंतर आला. दरवर्षी एका कैद्याची मुक्तता करण्याचा विशेषाधिकार रूआँच्या कॅथेड्रलला होता व तो फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकला. कथेतील कैदी त्या अधिकाराचे समर्थन करतो. राक्षसाच्या आडून एका माणसाचा जीव वाचत होता.

५/ आता सज्ज्यावरील राक्षस. १८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीने जीर्ण नोत्र दामकडे लक्ष वेधले. १८४४ मध्ये जीर्णोद्धाराचे काम लासू आणि व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदांकडे आले. हे राक्षस त्याच काळातील. त्यांना ‘कायमेरा’ म्हणतात. त्यांच्यातून पाणी वाहत नाही. आज मध्ययुगाचा चेहरा म्हणून मिरवते, ती एकोणिसाव्या शतकाची कल्पना आहे.

६/ गॉथिक शैलीचे हेच पुनरुज्जीवन ब्रिटिशांमार्फत मुंबईत पोहोचले. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, प्राणिमुखी गार्गॉइल आहेत. तेथील शिल्पकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

७/ अशी आकृती दिसल्यास तिच्या भयंकर मुखावर थांबू नये. पाण्याची वाट शोधावी. ती असेल तर गार्गॉइल. नसेल तर ती केव्हा आणि कोणी बसवली, हे विचारावे.