हलक्या गोळीचा इतिहास



२०२४ च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या वस्तुसंग्रहालयात ठेवली गेली, तेव्हा ती पाहण्यासाठी गावोगावची माणसे रांगा लावून उभी राहिली. ते योग्यच झाले. पण तलवार, भाला, वाघनख यांची आपण जितकी आठवण ठेवतो तितकी शिशाच्या गोळीची ठेवीत नाही. तिला मूठ नाही, तिच्यावर नक्षी नाही, तिचे कोणी नाव ठेवीत नाही. तरी गेल्या तीनचारशे वर्षांत या मुलखातील सामान्य माणसाचा संबंध तलवारीपेक्षा गोळीशीच अधिक आला. त्यातही माझा विषय आहे तो एका बारात एकीऐवजी अनेक उडणाऱ्या हलक्या गोळ्यांचा, म्हणजे छऱ्यांचा. ही गोळी हलकी का केली, कोणी केली आणि कोणासाठी केली, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम शिशाची गोष्ट. शिसे सुमारे ३२७ अंशांवर वितळते. लोखंडाला भट्टी आणि भाता लागतो. शिशाला घरची चूल पुरते. त्यामुळे बंदूक घडविणे हे कारागिराचे काम असले, तरी गोळी ओतणे हे शिपायाच्याही हातचे काम होते. एक पळी, एक सांडशीसारखा दुपाखी साचा आणि थोडे शिसे, एवढी सामग्री पुरे. अडचण होती ती शिशाचीच. सह्याद्रीच्या काळ्या दगडात शिशाची खाण नाही. ते बाहेरून आणावे लागे. शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ८० तोफा आणि आपल्या बंदुकांना पुरेल इतके शिसे विकत घेतले, असे रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकाराने नमूद केले आहे. गड बांधायला दगड घरचा होता, लढायला माणूस घरचा होता, पण गोळी परक्याच्या गलबतातून यावयाची. शिसे जपून वापरण्याची सवय त्यातूनच लागली असली पाहिजे.

आता थोडा हिशेब पाहू. आपल्याकडे परवानाधारक शेतकरी ‘बारा बोअर’ची बंदूक म्हणतात. बारा बोअर म्हणजे काय? एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. अशी गोळी सुमारे ३८ ग्रॅम भरते. तिचा व्यास निम्मा केला तर वजन निम्मे होत नाही, एकअष्टमांश होते. म्हणजे तेवढ्याच शिशात आठ लहान गोळ्या होतात. नळीची ताकद ठरलेली असते. ठराविक वजनापेक्षा अधिक शिसे भरले तर बंदूक फुटून ती धरणाराच जायचा. म्हणून एका बारात अनेक गोळ्या हव्या असतील, तर त्यातील प्रत्येक गोळी हलकी करावीच लागते. हलक्या गोळीचा जन्म दयेतून झाला नाही; तो या त्रैराशिकातून झाला.

जुन्या फौजांना हे ठाऊक होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७७ साली जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या सैन्याला मोठ्या गोळीबरोबर काडतुसात छरेही भरण्याची आज्ञा दिली. त्याचे शिपाई नवशिके होते. नेम चुकला तरी चारपाचांपैकी एखादा दाणा लागेल, हा विचार त्यामागे होता. पुढे १७८२ मध्ये विल्यम वॉट्स या ब्रिस्टल शहरातील नळकाम करणाऱ्या कारागिराने छरे पाडण्याच्या नव्या रीतीची सनद मिळविली. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून खाली सोडायचे. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो आणि खालच्या पाण्यात थिजतो. एकेक दाणा साच्यात ओतण्याची गरज उरली नाही. ज्या कामाला दिवस लागे ते घटकेत होऊ लागले, आणि छरा स्वस्त झाला.

इथपर्यंत ही लढाईची आणि शिकारीची कथा आहे. १८५७ नंतर तिला वेगळे वळण लागले. त्या साली जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथे चरबीच्या काडतुसांची कुजबुज सुरू झाली आणि पुढे काय घडले ते आपण जाणता. साताऱ्यात रंगो बापूजींच्या कटातील सतरा जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर मारण्यात आले. काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या घालून. बंड शमल्यावर सरकारने दोन गोष्टी केल्या. देशी शिपायांच्या हाती आटे पाडलेल्या नळीची लांब पल्ल्याची रायफल न देता गुळगुळीत नळीची बंदूक दिली. आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगणे बंद केले. चूल तीच राहिली, पळी तीच राहिली. साच्याची मालकी मात्र सरकारची झाली.

गुळगुळीत नळी हे छऱ्याचे घर आहे. पहिल्या महायुद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात फौजी रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून, त्यांत फौजेचे काडतूस चालू नये अशी व्यवस्था करून, त्या पोलिसांना व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना देण्यात आल्या. हीच आपल्या पोलिसांची ‘४१० मस्केट’. फौजेचे हत्यार शत्रूसाठी आणि हे हत्यार प्रजेसाठी, अशी वाटणी झाली.

प्रजेवर छरा वापरण्याचे समर्थनही तयार होते. १८८० ते १८८२ या काळात आयर्लंडमधील कुळे जमीनदारांविरुद्ध उठली होती. तेथील इंग्रज मंत्री विल्यम फॉर्स्टर हा क्वेकर आईबापांचा मुलगा, म्हणजे अहिंसा मानणाऱ्या पंथात वाढलेला. त्याने पोलिसांना गोळीऐवजी छरे वापरण्यास मोकळीक दिली आणि कारण सांगितले माणुसकीचे: गोळीपेक्षा छऱ्याने जीव जाण्याचा संभव कमी. आयरिश लोकांनी त्याचे नाव ‘बकशॉट फॉर्स्टर’, म्हणजे छरेवाला फॉर्स्टर, असे ठेवले आणि ते त्याला जन्मभर चिकटले. हलकी गोळी म्हणजे हलकी जखम, हा युक्तिवाद कुळांना पटला नाही, कारण जखम त्यांची होती.

मला यात एक भेद महत्त्वाचा वाटतो. एक गोळी सोडताना नेम धरावा लागतो. नेम धरला म्हणजे माणूस निवडावा लागतो, आणि निवडल्याची जबाबदारी येते. मूठभर छरे सोडताना माणूस निवडावा लागत नाही. नुसती दिशा पुरते. त्यांचे लक्ष्य माणूस नसून जमाव असतो. शिवाय आटे असलेल्या नळीतून निघालेल्या गोळीवर त्या नळीचे ओरखडे उमटतात, आणि कोणत्या बंदुकीतून ती सुटली हे तज्ज्ञ सांगू शकतो. गुळगुळीत नळीतून आलेला छरा असली साक्ष देत नाही. गोळी हलकी झाली की जबाबदारीही हलकी होते, ती अशी.

कोणी म्हणेल, एकट्या गोळीनेही जमाव मारले गेले आहेत. खरे आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत रायफलीच चालल्या. पण तेथे १६५० फैरी झाडल्या गेल्या हा आकडा हंटर समितीपुढे आला, आणि आज शाळेतले पोरही तो सांगते. न्याय मिळाला नाही, तरी हिशेब राहिला.

या जिल्ह्याला जमावावरच्या गोळीबाराची ओळख परक्या पुस्तकांतून करून द्यावी लागत नाही. तेव्हाच्या एकाच सातारा जिल्ह्यात ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर परशुराम घार्गे यांच्या मागून तिरंगा घेऊन माणसे गेली आणि गोळ्यांना सामोरी झाली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या मोर्चात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील इंजिनियर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तरुणांना हत्यारांसाठी गोव्यापर्यंत जावे लागले. २५ फेब्रुवारी १९४५ ला मणदूरच्या रानात किसन अहिर आणि नानकसिंग पोलिसांशी लढताना कामी आले. साच्याची मालकी कोणाकडे होती याचा अर्थ या जिल्ह्याने असा शिकून घेतला.

आणखी एक विसंगती पाहा. याच डमडमला १८९० नंतरच्या दशकात अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. तिचा गवगवा इतका झाला की १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात तिला मनाई केली. पण ती मनाई राष्ट्राराष्ट्रांमधील लढाईपुरती होती. परक्या सैनिकाच्या देहाची काळजी जगाने कागदावर तरी घेतली. आपल्याच नागरिकांच्या जमावासाठी तसा करार झाला नाही. २०१० पासून काश्मीरमध्ये जमाव पांगविण्यासाठी शेकडो बारीक छऱ्यांची काडतुसे वापरात आली, ती प्राणघातक नाहीत असे सांगून. २०१६ मध्ये शेकडो जणांच्या डोळ्यांना त्याने इजा झाली आणि केंद्राला पर्याय शोधण्यासाठी समिती नेमावी लागली. दगड खाणारा पोलीसही कोणाचा तरी मुलगा असतो, हे मी विसरत नाही. पण फॉर्स्टरचा युक्तिवाद सव्वाशे वर्षांनी जसाच्या तसा परत आला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने सांगितलेच पाहिजे.

शेवटी, ज्यांच्यात मी आयुष्य काढले त्या कामगारांविषयी. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. शिपायाच्या चुलीवरचे ओतकाम कारखान्याच्या छपराखाली गेले. शिसे गोळी होऊन उडाल्यावरच मारते असे नाही. त्याची वाफ आणि धूळ ओतणाऱ्याच्याही रक्तात उतरते. १९४८ च्या कारखाना कायद्यात ज्या व्यवसायरोगांची खबर सरकारला देणे बंधनकारक केले, त्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. एस. एम. जोशींसारख्या माणसाने संरक्षण कामगारांचे संघटन केले ते उगाच नव्हे. २०२१ मध्ये या कारखान्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या आणि त्याच वर्षी तेथील संपाला मनाई करणारा मुदतीचा कायदाही आला.

त्या कारखान्यात एकेक काडतूस मोजले जाते. चांदमारीच्या मैदानावर रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत घेतात. करणाऱ्याकडून इतका काटेकोर हिशेब घेणाऱ्या राज्याने, सोडलेल्या प्रत्येक बाराचा हिशेब तितक्याच काटेकोरपणे लोकांपुढे मांडावा: कोणाच्या हुकुमाने, कोणाच्या हातून, कोणावर. गोळी जड असो की हलकी, हा प्रश्न विचारणे हे नागरिकाचे काम आहे, आणि ते परवान्यावाचून करता येते.