ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या कांठीं ऋणमोचन नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें मुद्गलेश्वराचें देऊळ असून पौष महिन्यांतील रविवारीं यात्रा भरते. येथें स्नान केल्यानें मनुष्य ऋणांतून मोकळा होतो, असें गांवाचें नांवच सांगतें. शास्त्रकारांच्या मतें मनुष्याचीं ऋणें तीन : देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो वऱ्हाडी कुणबी बैलगाडी जुंपून या यात्रेस येई, त्याच्या डोळ्यांपुढें चौथेंच ऋण उभें असे, आणि तें सावकाराच्या वहींत लिहिलेलें असे.

पूर्णेचें खोरें हा वऱ्हाडचा खारपाणपट्टा होय. वर काळी, खोल, कापसाला मानवणारी माती. आणि खालीं विहीर खणावी तर पिण्यास न येणारें खारट पाणी. अशा मातीचा कांठ ओला झाला कीं त्यावर पाय ठरत नाहीं. म्हाताऱ्या बाया आणि कडेवर मूल घेतलेल्या लेकुरवाळ्या त्या उतारावरून घसरत पाण्यापर्यंत जात आणि स्नान करून पुन्हां चिखलानें माखून वर येत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत एका यात्रेच्या वेळीं लोकांनीं एक चमत्कारिक मनुष्य तेथें पाहिला. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटक्या गाडग्याचें खापर, एका कानांत कवडी आणि दुसऱ्या कानांत बांगडीची कांच. हा मनुष्य नदींत उतरून पुण्य मिळवण्याऐवजीं कांठावर फावडें घेऊन पायऱ्या खोदीत होता. कित्येकांनीं त्यास वेडा ठरवलें. त्यास ओळखणारेहि मात्र त्या गर्दींत होते. दापुरें गांवांतून एका रात्रीं नाहींसा झालेला तो डेबूजी होता.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर याचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें एका परिटाच्या घरीं झाला. बाप दारूच्या पायीं होतें नव्हतें तें घालवून अकालीं वारला. ती दारू प्रथम व्यसन म्हणून घरांत आलेली नव्हती. देवाला बोकड द्यावा, जातभाईंना जेवूं घालावें आणि त्या जेवणांत दारू असलीच पाहिजे, अशी रूढि होती. देवाच्या नांवानें भरलेला पेला पुढें देवावांचूनहि भरूं लागला. आई सखूबाई पोराला घेऊन अकोला जिल्ह्यांतील मुर्तिजापूर तालुक्यांत, दापुऱ्यास, आपल्या माहेरीं आली. तेथें मामा चंद्रभानजीच्या घरीं डेबूनें गुरें राखलीं, नांगर धरला, आणि रात्रीं सवंगडी जमवून भजनें म्हटलीं. अक्षरओळख मात्र त्यास झाली नाहीं, आणि या अक्षरशून्यतेचें मोल त्या घरास लौकरच द्यावें लागलें.

येथें वऱ्हाडच्या शेतीचा थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. नाहींतर पुढील हकीकत एका दुष्ट सावकाराची कहाणी होऊन बसेल, आणि ती तेवढीच नव्हती. १८५३ सालीं निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तेथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास कधीं नव्हे तो भाव आला. त्याच दशकांत मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचला. शेतकऱ्यानें ज्वारीचीं वावरें पऱ्हाटीखालीं आणलीं. मग युद्ध संपलें आणि भाव कोसळला. सरकारी धारा मात्र रोख पैशांतच भरावयाचा होता. शिवाय जमीन आतां उघडपणें गहाण टाकतां आणि विकतां येत असल्यामुळें सावकारास कर्ज देण्याची भीति उरली नव्हती. उलट कर्ज जितकें जुनें तितकें वावर जवळ येई. पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं १८७५ सालीं, म्हणजे डेबूच्या जन्माच्या आदल्या वर्षीं, सावकारांचीं खतें जाळलीं, आणि त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला. वऱ्हाडचा कारभार निराळा असल्यानें त्या कायद्याची सांवली वऱ्हाडी कुणब्यावर पडली नाहीं. पुढें १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनीं जें उरलें होतें तेंहि धुवून नेलें.

चंद्रभानजी हा कष्टाळू आणि भोळा मनुष्य होता. चरित्रकार सांगतात तें असें कीं, घेतलेल्या कर्जाची रक्कम तो वेळोवेळीं फेडीत गेला. परंतु पावती मागावी हें त्यास सुचलें नाहीं, आणि आंगठा कशावर उठवला हें त्यास वाचतां आलें नाहीं. एके दिवशीं कळलें तें हेंच कीं, ज्या वावराची काळजी घेतां घेतां केंस पांढरे झाले तें वावर आपलें राहिलेलें नाहीं. त्या धक्क्यानें तो अंथरुणास खिळला आणि गेला. संसाराचा भार तरुण डेबूवर आला. सावकाराचीं माणसें शेताचा ताबा घेण्यास आलीं तेव्हां डेबू नांगर सोडून काठी घेऊन उभा राहिला, आणि त्यांना त्या दिवशीं परत फिरावें लागलें. या प्रसंगावरून तो बंडखोर होणार असें कोणासहि वाटलें असतें. पण काठीनें एक वावर राखतां येतें, आंगठा उठवण्याची संवय मोडतां येत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें असावें. कारण पुन्हां त्यानें काठी सावकारावर कधीं उगारली नाहीं. पुढल्या आयुष्यांत त्याच्या हातीं काठी राहिली नाहीं, खराटा आला.

याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट दिसण्यांत लहान आहे. डेबूचा विवाह १८९२ सालीं कुंताबाईशीं झाला होता. मुलगी झाली, तिचें नांव आलोका. बारशाला जातीची मंडळी जमली, आणि रिवाजाप्रमाणें मटणाची व दारूची वाट पाहूं लागली. डेबूनें त्यांच्यापुढें लाडू वाढले. मंडळी संतापली, जातीचा मान गेला असें म्हणूं लागली. डेबू बधला नाहीं. दारिद्र्याच्या घराला दोन भोकें असतात, एक सावकाराच्या वहींतलें आणि दुसरें जेवणावळीच्या पत्रावळींतलें, आणि दुसरें बुजवल्याशिवाय पहिलें बुजत नाहीं, हें त्याला त्या वयांत उमगलें होतें.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, त्यानें रात्रीं घर सोडलें. पुढें कित्येक वर्षें तो गांवोगांव अनवाणी हिंडला. कोणत्याहि गांवीं गेलें कीं प्रथम रस्ता झाडावा, गटार मोकळें करावें, कोणाचीं लांकडें फोडावीं, आणि त्या श्रमाच्या बदल्यांत गाडग्यांत पडेल ती भाकरी खावी. लोक त्यास कोठें चिंध्येबोवा, कोठें गोधडे महाराज म्हणत. शेवटीं त्या खापरावरून पडलेलें गाडगेबाबा हें नांवच टिकलें.

ऋणमोचनच्या कांठावर त्यांनीं खोदलेल्या त्या कच्च्या पायऱ्या पुढील पुराबरोबर जाणार, हें उघड होतें. पण लोकांनीं एका माणसाला आपल्यासाठीं चिखलांत राबतांना पाहिलें होतें, आणि त्याचा परिणाम दगडापेक्षां टिकाऊ ठरला. यात्रेकरू पैसे देऊं लागले, गाडीवान दगड आणूं लागले, गवंडी कामास लागले, आणि १९०८ सालापासून पूर्णेवर घाट उभा राहूं लागला. त्या पैशास बाबांनीं स्वतः हात लावला नाहीं. वर्गणी पंचांच्या हातीं, हिशेब लिहिणाऱ्याच्या हातीं. बाबांच्या हातीं फावडें. ज्याच्या घराचा घात पावती नसल्यानें झाला होता, तो निरक्षर मनुष्य पुढें जन्मभर लाखांच्या देणग्या उभारतांना स्वतःजवळ कवडीहि ठेवीत नव्हता. आणि ती कवडी होती तीहि कानांत.

त्यांचें कीर्तन ऐकावयास सुशिक्षित लोक प्रथम करमणुकीसाठीं जात आणि खालीं मान घालून परत येत. भाषा शुद्ध वऱ्हाडी, पद्धति प्रश्नोत्तरांची. शेतकऱ्याला विचारीत जावें, त्याच्याच तोंडून उत्तर काढावें, आणि त्या उत्तरांतच त्याला पकडावें. कर्ज काढून सण करूं नका, देवाच्या नांवें बोकड मारूं नका, दारू पिऊं नका, शिवाशीव पाळूं नका, ताट मोडून का होईना पण पोराला शाळेंत घाला : एवढाच त्या कीर्तनांचा सारा वेदान्त. कोणाचे गुरु झाले नाहींत, कोणास शिष्य केलें नाहीं, पायांवर डोकें ठेवूं दिलें नाहीं. कर्जाचा प्रश्न नुसत्या उपदेशानें सुटणारा नव्हता हेंहि खरें. त्याला कायदा लागतो. मध्यप्रांत-वऱ्हाडांत कर्जलवादाचा कायदा १९३३ सालीं आला, आणि त्यामागें अमरावती जिल्ह्यांतल्याच पापळ गांवच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे परिश्रम होते. एकानें वही धरली, दुसऱ्यानें आंगठा धरला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

घाटानंतर इमारती झाल्या. मुर्तिजापूर हें कापसाच्या व्यापाराचें आणि आगगाडीच्या जंक्शनाचें गांव. तेथें धर्मशाळा, गोरक्षण आणि शाळा निघाली. नाशिक, देहू, आळंदी येथें धर्मशाळा बांधल्या गेल्या. मुंबईस जे. जे. रुग्णालयांत खेड्यांतून आणलेल्या रोग्यांचे नातलग पदपथावर झोपत, त्यांच्यासाठीं १९५४ सालीं धर्मशाळा झाली. परंतु या सर्वांत पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा निराळ्या तोलाची आहे. आषाढीला महार वारकरी शेंकडों कोस चालत पंढरीस येत, आणि तेथें त्यांना ओसरीहि मिळत नसे. वाळवंटांत पावसांत भिजत रात्र काढावी लागे. विठ्ठलाचें मंदिर अस्पृश्यांस खुलें झालें तें साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ सालीं. त्याच्या तीस वर्षें आधीं, १९१७ सालीं, गाडगेबाबांनीं त्यांच्यासाठीं छप्पर उभें केलें होतें. देवळाच्या दाराशीं वाद घालीत बसण्यापेक्षां भिजणाऱ्या माणसाला आधीं कोरडी जागा द्यावी, हा त्यांचा हिशेब होता.

या हिशेबांत एक बाकी मात्र राहते, आणि ती न मांडणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. घर सोडतांना मागें आई होती, पत्नी होती, लहान मुलें होतीं. ज्या धर्मशाळांत हजारों परकीं माणसें सुखानें निजलीं तेथें कुंताबाईस आणि सखूबाईस जागा नव्हती. बाबांच्या आग्रहानें त्या बाहेर झोंपडींत राहिल्या, असें चरित्रकार अभिमानानें लिहितात. तो अभिमान बाबांपुरता ठीक आहे. जनतेच्या पैशाची वीट आपल्या घराला लागूं नये, ही त्यांची कसोटी कठोर होती, आणि संस्थांच्या भोंवतीं नातलगांचीं घरटीं कशीं बांधलीं जातात हें पाहिलेल्या माणसास तिचें महत्त्व सांगावयास नको. परंतु झोंपडीचा निर्णय कुंताबाईनें केलेला नव्हता, आणि तरी तिनें तो जन्मभर पाळला. १९२३ सालीं मुलगा गोविंदा वारला, तेव्हां बाबा कोंकणांत खारेपाटणास कीर्तनास उभे होते. बातमी तेथें पोंचली. कीर्तन थांबलें नाहीं. त्या दिवशीं मुलाजवळ होती ती आई. चरित्रांतून कुंताबाईचीं पानें थोडीं आहेत. ऋणमोचनच्या घाटाच्या कांहीं पायऱ्या तिच्या खात्यावर जमा केल्या पाहिजेत.

आयुष्याच्या उत्तरार्धांत बाबांनीं एकेक इमारत आपल्या हातावेगळी केली. १९४९ सालीं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. एक जगांतील मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकून आलेला, दुसऱ्याला सही करतां येत नव्हती. परंतु पोराला शाळेंत घाला या एका वाक्यावर दोघांचें पूर्ण एकमत होतें. १९५२ सालीं उरलेल्या संस्थांची व्यवस्था पाहण्यास मिशन स्थापन झालें.

६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लीस आंबेडकर निवर्तले. गाडगेबाबांची प्रकृति तोंवर ढांसळलीच होती. त्यानंतर चौदाच दिवसांनीं, २० डिसेंबरला, मोटारींतून अमरावतीकडे आणीत असतां, वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलाशीं त्यांनीं प्राण सोडला. अमरावतींत त्यांना जेथें अखेरचा निरोप दिला त्या भागास आज गाडगेनगर म्हणतात, आणि २००५ सालीं तेथील विद्यापीठास या निरक्षर माणसाचें नांव देण्यांत आलें.

अंताआधीं सहा आठवडे, ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं, मुंबईस वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारांत त्यांचें कीर्तन झालें होतें. कोणा जाणत्यानें तें ध्वनिफितीवर उतरवून घेतलें, म्हणून तो आवाज राहिला आहे. थकलेला, खरखरीत, पण वऱ्हाडी ठसका न सोडलेला. तो आवाज समोरच्या लोकांना एकामागून एक साधे प्रश्न विचारतो, क्षणभर थांबतो, आणि पलीकडून शेंकडों माणसांचें उत्तर येतें.