सोळावं लागलं म्हणजे किती?

दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की जन्मतारखांचा घोळ सुरू होतो. दरवर्षी पाच-सहा मुलं १ जूनची निघतात. खरी तारीख आईलाही ठाऊक नसते, मग पहिलीत गुरुजींनी टाकली तीच. यंदा असाच फॉर्म तपासताना एका मुलीने विचारलं, "सर, कलेक्टरची परीक्षा आपल्यासाठी असते का?" 'आपल्यासाठी' हा शब्द तिने हळूच उच्चारला.

तिला मी श्रीपाद बाबाजी ठाकूर यांची गोष्ट सांगितली.

१८५३ पर्यंत कंपनी सरकारची वरची नोकरी मिळायची ती डायरेक्टरांच्या शिफारशीने. भाचा, पुतण्या, मित्राचा मुलगा, असा सगळा मामला. त्या वर्षीच्या चार्टर कायद्याने ही वशिलेबाजी मोडली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली खुली स्पर्धापरीक्षा झाली. पेपर कोणते, गुण किती, हे मेकॉलेच्या समितीने सुचवलं होतं. त्यात अरबी होती हे वाचून मला आधी बरं वाटलं. मग आकडे पाहिले. ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०; संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. वशिला गेला होता, पण गुण कशाला द्यायचे हे ठरवणारे तेच होते.

१८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर पास झाले, पहिले हिंदी माणूस. १८६९ मध्ये एकदम चौघे आले: सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि मुंबईचे आपले ठाकूर. त्यातल्या सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची निवड रद्द झाली. कारण काय, तर वय. मॅट्रिकच्या वेळी त्यांनी वय आपल्या पद्धतीने लिहिलं होतं. आपल्याकडे 'सोळावं लागलं' म्हणजे पंधरा पूर्ण. साहेबाने सोळा पूर्ण धरले आणि दोघेही एकवीसच्या मर्यादेबाहेर गेले! सुरेंद्रनाथ कोर्टात गेले आणि अखेर दोघांनाही परत घ्यावं लागलं. पुढे १८७८ पासून ती मर्यादाच एकोणीसवर आणली गेली. एकोणिसाव्या वर्षाच्या आत समुद्र ओलांडून लॅटिन शिकायचं. दार उघडंच होतं म्हणे.

म्हणून काँग्रेसची मागणी होती की परीक्षा हिंदुस्थानातही घ्या. १८८७ च्या डिसेंबरात मद्रासच्या अधिवेशनाचे अध्यक्ष मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते. त्याच दिवसांत सर सय्यद अहमद खान लखनौला या मागणीविरुद्ध बोलले. इंग्रजी शिक्षणात मुसलमान मागे आहेत, सगळ्या जागा बंगाली नेतील, ही त्यांची भीती. ती खोटी नव्हती. पण त्याच भाषणात त्यांचा दुसरा मुद्दाही होता: कमी दर्जाच्या घरातला माणूस परीक्षा पास होऊन आला, तर खानदानी लोकांना त्याचा हुकूम रुचणार नाही. सर सय्यद यांचे उपकार आपल्यावर मोठे आहेत, हे मी वर्गात नेहमी सांगतो. तरी हे वाक्य मला गिळता येत नाही. माझ्या वर्गातली मुलं विणकरांची, बागवानांची, हमालांची आहेत. त्या दर्जाच्या हिशेबात त्यांना जागाच नाही.

१८९३ मध्ये दादाभाई नौरोजींच्या खटपटीने ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेत दोन्हीकडे परीक्षा घेण्याचा ठराव पास झाला. तो सरकारने गुंडाळून ठेवला. आपल्या भूमीवर पहिली परीक्षा झाली ती १९२२ साली, अलाहाबादला. म्हणजे लंडननंतर ६७ वर्षांनी. आणि भाषेचं कुलूप? ते कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९ पासून निघालं. आठव्या अनुसूचीतल्या भाषांत उत्तरं लिहिता येऊ लागली. त्यात मराठी आहे, उर्दूही आहे.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे उर्दूत लिहिता येतं?"

"येतं."

"आणि वय सर? माझी तारीख तर १ जूनच आहे."

मी म्हटलं, मॅट्रिकच्या दाखल्यावर जे आहे तेच धरतात. ते आता नीट तपासून सही कर. तिने फॉर्म पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.