झोपाळ्यावरचा टोनआर्म

जुनं टर्नटेबल हाताशी आलं की शौकिनाला पहिला प्रश्न पडतो, "आर्म बदलू का?" आर्म म्हणजे टोनआर्म, ज्याच्या टोकाला सुई असते तो दांडा. बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं: सगळ्यात नावाजलेला असेल तो घ्या! पण स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या टर्नटेबलला हे उत्तर महागात पडू शकतं. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९६१ साली अमेरिकेत एडगर विलचरनं आपल्या अकूस्टिक रीसर्च कंपनीचं टर्नटेबल आणलं. (१९५४ च्या एआर-१ स्पीकरचा जनक तो हाच.) सुई खाचेतली अगदी सूक्ष्म हालचाल वाचते, पण हादरा गाण्याचा की कुणाच्या पावलांचा, हे तिला काय कळणार? विलचरनं थाळी आणि आर्म एकाच धातूच्या पट्टीवर बसवले आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगली. मोटर त्या पट्टीपासून वेगळी ठेवली, थाळी फिरवायला रबरी पट्टा. आता हादरा आला तर थाळी आणि आर्म बरोबरच हलणार. झोपाळ्यावर दोघं शेजारी बसली की झोका केवढाही असो, दोघांमधलं अंतर तेच!

हीच मांडणी १९६५ च्या सुमारास थोरन्सच्या टीडी-१५० मध्ये आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोच्या लिन एलपी-१२ मध्ये आली. या दोन्हींत आर्मखालची फळी बदलून दुसरा आर्म बसवता येतो. अपग्रेडचं वेड वाढलं ते इथून.

आणि गोम इथेच आहे. आर्म टेबलावर उभा नाही, तोही झोपाळ्यावर बसलाय. जड आर्म बसवला की ती बाजू खचते, थाळी कलते आणि स्प्रिंगा सरळ वरखाली न होता वेड्यावाकड्या डुलतात. एक लायब्ररी अपग्रेड करायला जावं आणि भलतंच मॉड्यूल बंद पडावं, तसला प्रकार.

दुसरं गणित प्रभावी वस्तुमानाचं, म्हणजे सुईला आर्म हलवताना तो जेवढा जड जाणवतो तेवढं. ते आणि कार्ट्रिजची लवचीकता मिळून जोडीचं स्वतःचं कंपन ठरतं. आर्म आणि कार्ट्रिज यांच्या एकूण वस्तुमानाला लवचीकतेनं गुणा, वर्गमूळ काढा, १५९ ला त्यानं भागा. ११ ग्रॅमचा आर्म, ६ ग्रॅमचं कार्ट्रिज, लवचीकता १५: उत्तर जवळजवळ १० हर्ट्झ. झकास! ८ ते १२ मध्ये असलं की झालं. त्याच आर्मला ३० लवचीकतेचं कार्ट्रिज लावलं तर ७ च्या आसपास. वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि स्प्रिंगांचं काही हर्ट्झचं डोलणं तिथून फार लांब नाही.

म्हणून आर्मची फॅशन कार्ट्रिजच्या मागून फिरली. १९७० च्या दशकात मऊ कार्ट्रिजचं वारं होतं, तेव्हा इंग्लंडच्या एसएमईनं सिरीज थ्री सुमारे ५ ग्रॅमवर आणला. पुढे कडक मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज लोकप्रिय झाली, तसे ताठ आर्म आले: लिनचा इटोक, आणि १९८३ चा रेगा आरबी-३००, एकसंध ओतीव ॲल्युमिनियमचा, सुमारे ११ ग्रॅमचा, आणि त्या मानानं स्वस्त.

तर निवडीचा क्रम असा: आधी कार्ट्रिज, मग त्याला जुळणारं प्रभावी वस्तुमान, मग आर्मचं प्रत्यक्ष वजन स्प्रिंगांना पेलतंय का ते, आणि ब्रँड सगळ्यात शेवटी. एसएमईनं २०१९ च्या डिसेंबरात सुटे आर्म विकणं थांबवल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या नावाची भुरळ आणखीच वाढणार. पण नावाखातर पन्नास वर्षांच्या मूळ फळीला ड्रिल लावण्याआधी हे गणित कागदावर करा. भोक पडलं की पडलं, तिथे अनडू नाही.

विलचरचा स्वतःचा आर्म अगदी साधा होता, पण तो त्याच स्प्रिंगांसाठी केलेला होता. असो. पुढच्या शनिवारी भेटूच.