कंसातला बर्जेस

टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्या की शेतकरी ‘नागअळी पडली’ म्हणतो आणि पंपाकडे बघतो. कीडनाशकांच्या माहितीपत्रकात त्याच अळीपुढे एक लांबलचक नाव छापलेलं असतं: लिरिओमायझा ट्रायफोलाय (बर्जेस). मला कुतूहल आहे ते त्यातल्या कंसाचं. प्राण्यांच्या शास्त्रीय नावात कंस उगीच पडत नाही. जातीचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात असेल, तर त्यानं तो जीव वेगळ्याच प्रजातीत घातला होता आणि पुढे कुणीतरी तिथून उचलून नव्या घरी आणला, असा त्याचा अर्थ. कंस म्हणजे फेरफाराची नोंदच. सातबाऱ्यावर फेरफार दिसला की जुना उतारा काढावा लागतो, तसंच इथेही.

जुना उतारा १८८० सालचा आहे. अमेरिकेच्या कृषी आयुक्तांचा १८७९ चा वार्षिक अहवाल त्या वर्षी छापून आला. त्यातला कीटकांचा भाग जॉन हेन्री कॉमस्टॉक यांचा. ते तेव्हा सरकारी कीटकशास्त्रज्ञ होते. वॉशिंग्टनमध्ये पांढऱ्या क्लोव्हरची पानं आतून पोखरणाऱ्या एका चिमुकल्या माशीची हकिगत त्यात येते. पांढरं क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचं भावंड, ट्रायफोलियम प्रजातीतलं. मात्र माशीला नाव दिलं ते कॉमस्टॉक यांनी नव्हे, एडवर्ड बर्जेस यांनी, आणि म्हणून काटेकोर लेखक आजही ‘बर्जेस, कॉमस्टॉकच्या अहवालात, १८८०’ असं लिहितात. बर्जेसनी ठेवलेलं नाव होतं ऑसिनिस ट्रायफोलाय, म्हणजे क्लोव्हरवरची ऑसिनिस.

ऑसिनिस हा गवतावरच्या माश्यांचा गट. आज त्यांचं कुळही वेगळं मानतात. पण यात बर्जेसची चूक काढण्यात अर्थ नाही. लिरिओमायझा ही प्रजाती योसेफ मिक यांनी उभी केली १८९४ मध्ये. जे घर चौदा वर्षांनी बांधलं गेलं त्यात बर्जेस पाहुणा कसा उतरवणार?

हा बर्जेस होता तरी कोण? बॉस्टनच्या निसर्गेतिहास संस्थेचा सचिव आणि हार्वर्डमध्ये कीटकशास्त्र शिकवणारा. ज्या १८८० साली ही माशी छापून आली, त्याच साली त्यानं रुईच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या अमेरिकी मोनार्क फुलपाखराचं शरीर चिरून त्याची रचना सविस्तर मांडली. पुढे घरची संपत्ती गेली आणि हा गृहस्थ पोटासाठी शिडाच्या नौका आखू लागला. ‘प्युरिटन’, ‘मेफ्लॉवर’ आणि ‘व्हॉलंटियर’ या त्याच्या तीन नौकांनी १८८५, १८८६ आणि १८८७ अशी सलग तीन वर्षं अमेरिका चषक राखला. १८९१ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. नौकाशर्यतींच्या इतिहासात त्याच्यावर पानंच्या पानं आहेत. नागअळीच्या कागदांत मात्र तो कंसापुरता उरला आहे.

आता माशीकडे वळू. पूर्ण वाढलेली माशी जेमतेम दोन मिलिमीटर. डोकं पिवळं, पाठ काळपट पण राख फासल्यासारखी मंद, आणि पाठीच्या मागच्या टोकाला एक ठसठशीत पिवळी ढाल. डोक्याच्या माथ्यावर, डोळ्यांच्या मागच्या कोपऱ्यांशी, राठ केसांच्या दोन जोड्या असतात, एक आतली आणि एक बाहेरची. ट्रायफोलायमध्ये दोन्ही जोड्या पिवळ्या भागातून उगवतात. तिची जवळची नातलग लिरिओमायझा सटायव्हा हिची पाठ चकचकीत काळी असते आणि तिचे बाहेरचे केस काळ्या भागातून निघतात. फरक एवढाच! तोही भिंगाखाली, चांगल्या उजेडात आणि नमुना ताजा असेल तर.

मादीच्या पोटाच्या टोकाला काळी नळी असते. ती पानात खुपसून मादी भोक पाडते, वळते आणि त्यातून झिरपलेला रस चाटते. बहुतेक भोकं नुसती चाटण्यासाठी असतात, थोड्याच भोकांत अंडं असतं. नराला ही नळी नाही, त्यामुळे तो माद्यांनी पाडलेल्या भोकांवर आपला उदरनिर्वाह करतो. अंडं मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढं. दोन ते पाच दिवसांत त्यातून अळी निघते. तिला पाय नाहीत आणि वेगळं दिसेल असं डोकंही नाही. तोंडाशी काळे आकडे तेवढे असतात. ते विळ्यासारखे फिरवत ती पानाच्या दोन पडद्यांमधला हिरवा गर खात पुढे सरकते. मागे राहते ती रेघ. अळी वाढते तशी ती रुंद होत जाते, आणि आत कधी या कडेला तर कधी त्या कडेला विष्ठेची काळी रेषा दिसते. अळी पानात तीन वेळा वाढीचा टप्पा गाठते आणि मग चंद्रकोरीसारखी फट कापून बाहेर पडते. तिचा नारिंगी-तपकिरी कोष बहुधा जमिनीत होतो.

हा शेवटचा तपशील इतिहासाच्या कामाचा आहे. आपल्याकडे वाटाण्याच्या आणि मोहरीच्या पानांवरची नागअळी जुनी आहे. जुन्या नोंदींत ती माइगेन यांनी १८३८ मध्ये दिलेल्या ‘फायटोमायझा ॲट्रिकॉर्निस’ या नावानं येते. ग्रॅहॅम ग्रिफिथ्स यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं की त्या एका नावाखाली दोन जाती नांदत होत्या. वाटाण्यावरची ती हॉर्टिकोला. तिचा कोष पानातच, रेघेच्या टोकाला होतो. तेव्हा जुन्या टिपणात ‘कोष पानात आढळला’ एवढं एक वाक्य जरी असलं, तरी ती अमेरिकेतून आलेली ट्रायफोलाय नव्हे, हे नमुना न बघता सांगता येतं.

ट्रायफोलायच्या कागदांत खरा घोळ झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. एफ. एम. वेबस्टर आणि टी. एच. पार्क्स यांनी १९१३ मध्ये ‘जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च’च्या पहिल्याच खंडात नागअळीवर मोठा निबंध लिहिला. काम कसोशीचं होतं, लसूणघासावरच्या किडीचं जीवनचक्र त्यात बारकाईनं दिलेलं आहे. मात्र माशीला नाव दिलं ‘ॲग्रोमायझा पुसिला’, म्हणजे माइगेन यांनी १८३० मध्ये वर्णिलेली एक युरोपीय माशी. पिवळ्या-काळ्या, दोन मिलिमीटरच्या अमेरिकी माश्या सगळ्या त्या एका नावात जमा झाल्या. पुढची कित्येक वर्षं ‘पुसिलाच्या खाद्यवनस्पती’ म्हणून याद्या फुगत गेल्या. पेशवे दप्तरात नुसतं ‘बाळाजी’ आलं की संशोधक आधी सन बघतो आणि मगच विश्वनाथपुत्र की बाजीरावपुत्र ते ठरवतो. या याद्यांत सन आहे, गाव आहे, पीक आहे, पण बाळाजी कोणता ते नाही. माझ्या मते पुसिलाच्या नावावरची एकही खाद्यवनस्पती केवळ कागदावर विसंबून ट्रायफोलायच्या खात्यात टाकू नये.

याच्या उलटही झालं. एकाच माशीला पिकागणिक नवी नावं मिळाली. स्टुअर्ट फ्रॉस्ट यांनी १९४३ मध्ये पुसिलाशी मिळत्याजुळत्या तीन जाती नव्या म्हणून मांडल्या. त्यातल्या एकीचं नाव ‘फेसिओलुनाटा’. फेसिओलस लुनाटस म्हणजे आपण जिला डबल बी म्हणतो ती शेंग, आणि नावात तीच दडलेली आहे. १९५५ मध्ये केनेथ फ्रिक यांनी कांद्यावरच्या माशीला ‘ॲलिओव्होरा’ म्हटलं, म्हणजे कांदा खाणारी. पुढे या दोन्ही ट्रायफोलायच ठरल्या. क्लोव्हरवर एक, डबल बीवर दुसरी आणि कांद्यावर तिसरी असं पाहणाऱ्याला वाटत होतं. माशी एकच होती आणि तिला या तिन्हींचं काही वावडं नव्हतं.

घोळ सोडवला तो नराच्या जननांगानं. इंग्लंडचे केनेथ स्पेन्सर यांनी १९६५ मध्ये ट्रायफोलाय आणि तिच्या नातलगांची ओळख नव्यानं लावून दिली आणि १९७३ मध्ये शेतीला उपद्रवी असलेल्या या कुळावर अख्खा ग्रंथ लिहिला. नराच्या पोटाचं टोक क्षारात उकळून मऊ करायचं, आतला अवयव सुईनं मोकळा करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडवा-उभा पाहायचा. त्याच्या टोकाला एक फुगीर कुपी दिसते. ट्रायफोलायमध्ये ही कुपी मधोमध चांगलीच आवळलेली असते, सटायव्हामध्ये नावापुरती. मोनार्क चिरणाऱ्या बर्जेसच्या हाताला हे जमलं नसतं असं नाही. माश्यांच्या वर्णनात तिथवर जाण्याची पद्धतच तेव्हा रुळलेली नव्हती.

त्यानंतरच्या याद्या विश्वासाच्या. त्यांतून दिसतं ते असं: नाव क्लोव्हरचं असलं तरी या माशीची खरी ओढ सूर्यफुलाच्या कुळाकडे आहे. शेवंती, जरबेरा, झेंडू हे तिचं माहेर. त्याखेरीज टोमॅटो, बटाटा, घेवडा, चवळी, काकडी, सेलरी, कांदा, कापूस. एकूण पंचवीसेक कुळं तरी होतात. कीटकांत असा चौफेर पोट भरणारा पान पोखरणारा जीव विरळा. या माश्यांच्या बहुतेक जाती एखाद्या कुळाला, कधी तर एकाच प्रजातीला चिकटून राहतात.

शेवंतीनंच तिला जगभर नेलं. फ्लोरिडातून निघालेल्या शेवंतीच्या कटिंगबरोबर ती १९७६ मध्ये केनियात उतरली. अंडं पानाच्या आत आणि रेघ अजून उमटलेली नाही, अशा अवस्थेतलं कटिंग पाहणाऱ्याला निरोगीच दिसतं.

भारतातली पहिली नोंद १९९०-९१ ची आणि तीही फुलाची नाही, एरंडाची! हैदराबादच्या राजेंद्रनगरमधील तेलबिया संशोधन संचालनालयाचा एरंडावरचा १९९१ चा प्रगती अहवाल हा आपल्याकडचा आद्य कागद. ती शेवंतीच्या रोपांबरोबर आली असावी असं बहुतेक लेखक लिहितात आणि केनियाचा अनुभव पाहता ते पटतं. तरी मी तो तर्क आणि एरंडाची नोंद यांना एका ओळीत बसवत नाही. एक अनुमान आहे, दुसरा पुरावा. १९९३ मध्ये ‘इंडियन फार्मिंग’मध्ये पिकांवरचं नवं संकट म्हणून तिच्यावर लेख आला आणि १९९५ मध्ये श्रीनिवासन, विरक्तमठ आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातला तिचा प्रसार, तिच्या खाद्यवनस्पती आणि तिच्या अळ्यांवर वाढणाऱ्या परोपजीवी कीटकांची यादी छापली. ते कीटक औषधानं मेले की नागअळी आणखी माजते, हे फ्लोरिडाच्या शेतकऱ्यांनी आधीच भोगलं होतं.

मराठीत घोळ अजून चालूच आहे. लिंबू-संत्र्याची पानं पोखरणारी, भुईमुगाची पानं गुंडाळून पोखरणारी आणि टोमॅटोवरची टुटा या तिन्ही पतंगांच्या अळ्या. त्यांना स्पष्ट डोकं असतं. तरी बोलताना यांतल्या कुणालाही नागअळी म्हटलं जातं. पुढे कुणी आपल्या डायऱ्यांवरून इतिहास लिहायला बसला, तर त्याला वेबस्टर-पार्क्सच भेटणार.

गेल्या पावसाळ्यात गच्चीवरच्या कुंडीतल्या टोमॅटोवर रेघा दिसल्या. पान उन्हात धरलं तर आत पिवळी अळी सरकताना स्पष्ट दिसली. पान देठासकट खुडून बरणीत ठेवलं, तळाला ओलसर माती, तोंडाला मलमलीचा तुकडा. तिसऱ्या दिवशी अळ्या पानातून उतरल्या. अकराव्या दिवशी सकाळी मलमलीवर दोन माश्या बसलेल्या होत्या. भिंग लावलं. पाठ मंद राखी, माथ्यावरचे चारही केस पिवळ्यातून आलेले. मग त्यांच्या पोटाचं टोक पाहिलं. दोन्हींना काळी नळी होती.